पाच नंबरला दोनची चाल

"मिस्त्री, ही मोटर पळून राहिली का नुसती कण्हून राहिली?"

कौशल्यामामींनी हे विचारलं तेव्हा आमची होडी इसापूर धरणाच्या पाण्यात बरीच आत गेली होती. मोटरचं हँडल मी पाच नंबरवर टाकलं होतं. पाच म्हणजे सगळ्यात जोरात, त्याच्यापुढं नंबरच नाही. आणि होडी चालली होती दोन नंबरच्या चालीनं. दुपारचं वारं सुटलं होतं. वाऱ्याच्या बाजूनं जाताना काही कळलं नाही. परत फिरलो आणि कळलं. मोटर कण्हत होती, पंखा पाणी कापत होता आणि काठावरची बाभळ हळूहळू लांब चालली होती.

"पळेल, पळेल. नवी आहे," मी म्हणालो.

"नवी हाय म्हणून लाजून राहिली काय?"

होडीत आम्ही चौघं होतो. मी, मामी, त्यांचे मालक दत्तूमामा आणि पुण्याहून सुट्टीवर आलेला त्यांचा मुलगा संतोष. संतोषनं वल्हं उचललं. त्याला वल्हं मारून दहा वर्षं झाली असतील. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"पुण्यात बी असाच फिरतो काय रे, गोल गोल?" मामी म्हणाल्या.

सगळे हसलो, मीही हसलो. पण तेवढ्यात दत्तूमामांनी त्याच्या हातातलं वल्हं घेतलं. उजवा खांदा दाबून धरत, दात आवळत त्यांनी होडी काठाला आणली. माझं हसू तिथंच गेलं. कारण ही मोटर बसवली होती ती त्या खांद्यासाठीच.

आता थोडं मागचं सांगतो. कळमनुरीत माझं बॅटरीचं आणि ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, घरचे इन्व्हर्टर, लग्नातल्या डीजेच्या गाड्या, ज्याला बॅटरी आहे ते सगळं माझ्याकडं येतं. पाण्यावर चालणारं मशीन मात्र कधी आलं नव्हतं.

दत्तूमामा धरणात जाळं टाकतात. रहू, कटला काढतात आणि मामी ते बाजारात विकतात. सगळी जिंदगी वल्हं मारून मामांचा खांदा गेला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, वल्हं बंद. संतोषला वाटत होतं, आईबापानं आता पुण्याला यावं. बाप म्हणत होता, पाणी सोडून मी करू काय तिथं? शेवटी पोरानंच तोड काढली. ऑनलाइन एक ट्रोलिंग मोटर मागवली. ही मोटर म्हणजे एक दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणारा छोटा पंखा आणि वरच्या टोकाला हँडल. होडीच्या मागं शिकंज्यानं आवळून बसवायची. डिझेल नाही, आवाज नाही, बॅटरीवर चालते. परदेशात हौसेनं मासे धरणारे लोक वापरतात म्हणे.

बापलेकात ठरलं होतं ते मामांनी मला स्वतः सांगितलं होतं.

"मिस्त्री, मोटर चालली तर आमी हितंच. न्हाई चालली तर गुमान ह्याच्यासंगं पुण्याला. होडी, जाळं समदं देऊन टाकायचं. जबान दिली म्या."

म्हणजे माझ्या वायरिंगवर दोन माणसांचं गाव अवलंबून होतं. मी हे काम जास्तच मनावर घेतलं. जास्त मनावर घेतलं की माझ्या हातून काहीतरी चुकतं, हा माझा स्वभावच आहे.

काठावर आल्यावर मी मीटर काढला. मोटर चोवीस व्होल्टची होती. आपल्याकडच्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या, म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या होत्या. टॉर्चमध्ये आपण सेल एकामागं एक टाकतो तसंच. पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, आणि उरलेल्या दोन टोकांच्या वायरी मोटरला. मी एकेक बॅटरी मोजली. दोन्ही पूर्ण भरलेल्या. दोन्ही मिळून पंचवीसच्या वर. मग वायरचं मोटरकडचं टोक मोजलं. तिथंही तेवढेच. म्हणजे बॅटरी ठीक आणि वायर ठीक. मोटर पाण्याबाहेर काढून चालू केली तर पंखा नुसता भिरभिरला.

"हवेत पळती, पाण्यात काहून पळंना?" मामांनी विचारलं.

तिघंही माझ्याकडं बघत होते. मला उत्तर माहीत नव्हतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की मामा, मला कळत नाहीये, उद्या बघू. पण मी म्हणालो, "मोटरच कमजोर आहे. माझ्याकडून सगळं बरोबर आहे. मीटरच सांगतोय."

मीटर दाखवला तेव्हा तर मी अगदी छाती पुढं काढून दाखवला. ते आठवलं की अजून कानाची पाळी तापते.

संतोष म्हणाला, "ठीक हाय काका. परत पाठवून देतो." मग बापाकडं न बघता म्हणाला, "बाबा, मग आपलं ठरल्यापरमाणं."

"व्हय," मामा म्हणाले. "जबान म्हणजे जबान."

निघताना मामींनी माझ्या गाडीच्या हँडलला एक पिशवी अडकवली. त्यात चांगला मोठा कटला होता. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "घ्या हो. तुमी काय कमी मेहनत केली? मोटर लबाड निघाली त्याला तुमी काय करणार?"

घरी त्या माशाचं कालवण झालं. सगळ्यांनी बोटं चाटली. मला घास गिळवेना. बायकोनं विचारलं, काटा अडकला का? मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर एक ट्रॅक्टरवाला दारात उभाच. सेल्फ मारला की नुसती घरघर, इंजिन काही उठेना. मी नेहमीसारखा बॅटरीला मीटर लावला आणि नेहमीसारखा ओरडलो, "हां, मारा सेल्फ!" त्यानं चावी फिरवली. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला.

आणि मी तसाच उभा राहिलो. ट्रॅक्टरवाला वरून विचारतोय, "काय झालं हो? गेली का बॅटरी?" आणि मी भलतंच बोलतोय, "मी काल सेल्फ मारायलाच लावला नाही."

"कुणाला?"

"होडीला."

तो माझ्याकडं बघतच राहिला.

वाचकांसाठी हे सोपं करून सांगतो. घरातला नळ बंद असला की पाइपात पाण्याचं प्रेशर पूर्ण असतं. पाइपात कुठं कचरा अडकला असेल तर ते तेव्हा कळत नाही. नळ पूर्ण सोडला की कळतं, धार बारीक येते. वायरचंही असंच. मोटर बंद असताना मोजलं तर सगळीकडं पूर्ण व्होल्ट दिसणारच, कारण वायरमधून काही वाहतच नाही. मोटर हवेत फिरवली तरी ती अगदी थोडा करंट ओढते. पंखा पाण्यात जोर लावतो तेव्हा खरी मागणी सुरू होते. त्याला आम्ही लोड म्हणतो. लोडवर मोजल्याशिवाय वायरिंगला बरोबर म्हणायचं नाही, हे या धंद्याच्या बाराखडीतलं अक्षर. रोज ट्रॅक्टरवाल्यांवर 'मारा सेल्फ' म्हणून ओरडणारा मी, होडीजवळ गेलो आणि ते अक्षरच विसरलो.

मी संतोषला फोन लावला.

"मोटर पॅक करू नको."

"काका, पॅक झाली बी. कुरिअरवाला दुपारी येऊन राहिला."

"त्याला थांबव. मी येतोय."

"काहून पण? तुमीच तं म्हणले..."

"मी म्हणालो ते चुकलं."

ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी बदलून दिली, शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

पोचलो तेव्हा मामांच्या अंगणात बघण्यासारखं दृश्य होतं. मोटरचं खोकं अंगणाच्या मधोमध. त्या खोक्यावर कौशल्यामामी मांडी घालून बसलेल्या आणि लसूण सोलत होत्या. समोर कुरिअरवाला हेल्मेट हातात घेऊन उभा. संतोष त्याची समजूत घालत होता.

"मावशी, उठा ना," कुरिअरवाला म्हणत होता. "मला आणखी चार गावं करायची हायेत."

"कर ना बापा. म्या तुला धरलं का? मिस्त्री येईस्तोवर म्या काही उठत न्हाई."

मला बघून त्या उठल्या. कुरिअरवाल्याच्या हातात त्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "जाय आता. तुझं काम ऱ्हायलं न्हाई." तो बिचारा पाणी पिऊन हसतच गेला.

दत्तूमामा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, उगं आशा लावू नका. तिला लई लवकर लागते."

"मामा, आशा नाही लावत. मीटर लावतो," मी म्हणालो. पण आवाज काही तेवढा पक्का नव्हता.

आम्ही सगळं सामान परत काठावर नेलं. मोटर बसवली. काल जशा होत्या तशाच बॅटऱ्या, त्याच वायरी. यावेळी मी होडीचा मागचा भाग जाड दोरानं काठावरच्या बाभळीला बांधला. म्हणजे मोटर पूर्ण जोर लावेल आणि होडी जागची हलणार नाही, आणि मला निवांत मोजता येईल. संतोषला हँडलवर बसवलं.

"टाक पाचवर."

पंख्यानं पाणी ढवळलं. दोर ताणला, पण ढिलाढिलाच. मी आधी बॅटरीच्या पोलवर मोजलं. पोल म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट असतात ते. दोन्ही बॅटऱ्या मिळून चोवीसच्या वर. उत्तम. मग मोटरजवळच्या टोकावर मोजलं.

सतरा.

"किती?" मामांनी विचारलं.

"चोवीस निघतात. सतरा पोचतात."

"मंग मधले सात गेले कुठं? कोण खाऊन राहिलं?"

इतका नेमका प्रश्न मी स्वतःला काल विचारला नव्हता. बॅटरी देते आहे, मोटर घ्यायला तयार आहे, मधल्या वाटेत चोरी आहे. आणि ती सगळी वाट माझ्या हाताची.

पहिला संशय वायरवर. वायर बारीक असली की तीच व्होल्ट खाते. पण वायरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं तर एक व्होल्टसुद्धा जात नव्हता. मग ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला तर वाट तोडणारा खटका. तिथंही काही नाही. उरले सांधे. पोलवर वायर बसवायला एक पकड असते, तिला आम्ही टर्मिनल म्हणतो. मीटरची एक काडी पोलच्या शिशावर टेकवली आणि दुसरी त्यावरच आवळलेल्या टर्मिनलवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले. मीटरवर जवळजवळ शून्य यायला पाहिजे.

जवळजवळ दोन व्होल्ट आले.

दुसऱ्या पोलवर मोजलं. तिथंही तेवढेच. तिसऱ्यावर मीटर लावायच्या आधी टर्मिनलला बोट लावलं आणि चटका बसला.

"बंद कर! बंद कर!"

पाना घेऊन पहिलं टर्मिनल ढिलं केलं, वर उचललं. आत शिशाच्या खुंटावर पिवळा जाड थर वाळून बसला होता, कडेनं जरा करपलेला. हळद.

दुसरं उघडलं. तिथं कुंकू.

कौशल्यामामींनी तोंडावर पदर धरला. "अगं माय! म्याच लावलं की हो!"

कालच्या ट्रायलच्या आधी, मी वायरी जोडायच्या अगोदर, त्यांनी काठावर होडीची पूजा केली होती. होडीच्या नाकाला, मोटरला, बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

संतोष उखडला. "आई, तुला म्हणलं होतं ना म्या, मशीनला काही लावू नको म्हणून? ऐकतच न्हाईस तू! एवढ्याशा हळदीपायी पुण्याची तयारी करून बसलो आपण."

"मला काय ठावं बापा..." मामींचा आवाज पार बसला. मघाशी खोक्यावर ठाण मांडून बसलेली बाई हीच का, असं वाटावं इतका.

आणि मी गप्प होतो.

किती वेळ ते नाही सांगता येणार. एखादा श्वास असेल. पण त्या श्वासात मला सगळं माहीत होतं. मामी हळद आणि कुंकू नेहमी जोडीनं लावतात, आणि ते बॅटरीच्या झाकणावर लावलेलं शेजारीच दिसत होतं, दोन बोटं पिवळी, दोन बोटं लाल. इथं प्लसच्या पोलला नुसतं कुंकू होतं आणि मायनसच्या पोलला नुसती हळद. ही पद्धत अख्ख्या कळमनुरीत एकाच माणसाची आहे. नवी बॅटरी दुकानातून निघताना प्लसला लाल, मायनसला पिवळं. पूजाही होते आणि खूणही.

ट्रॅक्टरचं काम नेहमी दुकानासमोरच होतं. बॅटरी बसवतो, टर्मिनल आवळतो आणि मग वरून बोट लावतो. त्यानं काही बिघडत नाही. होडी काही दुकानात येणार नव्हती. म्हणून बॅटऱ्या रिक्षात चढवायच्या आधीच मी उघड्या पोलला लावून टाकलं. पहिलीच होडी, म्हणून हळद जरा जास्तच कालवली. काठावर येईपर्यंत ती वाळून कडक झाली. टर्मिनल बसवताना मला ती दिसली होती. पुसायला हात धजावला नाही. आपणच वाहिलेलं आपणच कसं पुसायचं?

कुणी मला विचारलं नव्हतं. मामींनी सगळं अंगावर घेतलं होतं आणि माझ्यावरचा ठपका आपोआप टळला होता. तोंड उघडायची काही गरज नव्हती.

"संतोष, आईला बोलू नको," मी म्हणालो. "ही तिची हळद नाही. माझी आहे."

"तुमची?"

मी सगळं सांगितलं. लाल, पिवळं, दुकान, रिक्षा. दिसली होती तरी पुसली नाही, तेही सांगितलं. काल मोटरला दोष दिला तो खोटा होता, हेही. बोलताना मी जमिनीकडंच बघत होतो.

मग दत्तूमामांच्या पोटातून घुर्र असा आवाज आला. मला वाटलं खोकला आहे. ते हसत होते. खांदा धरून हसत होते, कारण हसताना तो दुखत होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमी बॅटऱ्यायचं लगीन लावून दिलं व्हय?"

"हळद तुमी लावली, कुंकू तुमी लावलं," मामींचा आवाज परत आला होता, "आन् नांदायला धाडली आमच्याकडं! मंग कशी पळंल ती? माहेरची वाट बघून राहिली असंल!"

संतोषही हसला. मग आईजवळ जाऊन बसला आणि तिनं ओच्यात बांधून आणलेला लसणाचा राहिलेला कांदा घेऊन सोलायला लागला. त्यांच्यात माफी अशीच मागतात बहुतेक.

पुढचं काम पाव तासाचं. चारही पोल काचपेपरनं घासून चकचकीत केले. टर्मिनल आतून खरवडले. शिशाला धातू भिडला पाहिजे, मध्ये काही नको. घट्ट आवळले आणि मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवला, पाण्यानं गंज चढू नये म्हणून.

"टाक पाचवर."

दोर एकदम सळईसारखा ताठ झाला. बाभळीच्या वाळक्या शेंगा आमच्या डोक्यावर पडल्या. मोटरजवळ मीटर दाखवत होता साडेतेवीस.

"सोड रे दोर!" मामा ओरडले. "झाड उपटून नेती का काय!"

आम्ही परत चौघं बसलो. वारं कालच्यापेक्षा जास्तच होतं. मुद्दाम त्याच्या तोंडावर होडी घातली. नाक उचलून होडी निघाली. पाणी दोन्ही बाजूंनी फाकत होतं, सगळ्यांच्या अंगावर तुषार येत होते आणि मोटरचा आवाज जवळजवळ नव्हताच. कुणी कुजबुजलं तरी ऐकू यावं अशी ती चाल. मामा पुढं बसले होते. हातात वल्हं नाही, काही नाही. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले, लग्नाच्या पंगतीत पान वाढायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे.

"सरक," मामी संतोषला म्हणाल्या. "दे इकडं दांडा."

"आई, तुला जमंल का?"

"चाळीस वर्सं तुझ्या बापाला वळवलं म्या. ही तं मोटर हाय."

त्यांनी हँडल धरलं ते काठावर येईपर्यंत सोडलं नाही. एकदा काठाला आलो तर पुन्हा वळवून आत नेली. पदर कमरेला खोचलेला, डोळे बारीक केलेले आणि नवऱ्याला हुकूम, "जरा डावीकडं बसा, वजन सारखं ऱ्हाऊ द्या." मामा निमूटपणे डावीकडं सरकले.

संतोष चार दिवसांनी पुण्याला गेला. एकटाच गेला. मामा-मामी धरणावरच आहेत. जाळं आता दोघं मिळून टाकतात. मामा टाकतात, मामी होडी चालवतात. मामांची तक्रार एकच आहे, की हँडल काही त्यांच्या हाती येत नाही. त्यांनी मला विचारलं, दुसरं हँडल बसवता येतं का? मी म्हणालो, येत नाही. येतं की नाही ते खरं म्हणजे मला माहीत नाही.

मी अजूनही नव्या बॅटरीला कुंकू लावतो. मात्र आधी टर्मिनल आवळतो, लोडवर मोजतो आणि मग लावतो, तेही झाकणावर.

पण मला जास्त टोचतं ते हळदीचं नाही, मोटरला लबाड ठरवलं त्याचं. ती बनवणारा माणूस कुठंतरी सातासमुद्रापलीकडं बसलेला. तो काही कळमनुरीला येऊन सांगणार नव्हता की बाबा, माझा माल चांगला आहे, तुझा सांधा बघ. जो समोर नाही त्याच्या नावावर बिघाड टाकायला अक्कल लागत नाही, मीटरही लागत नाही. म्हणून आता कुठल्याही कामाला गेलो, की मीटरची पहिली काडी मी स्वतः आवळलेल्या नटावर टेकवतो. बहुतेक वेळा तिथं काही निघत नाही. तरी टेकवतो.